बर्कहॅमस्टेड : लंडनजवळची नॉर्मन गढी

लंडनच्या युस्टन स्थानकातून सुटलेली गाडी साधारण चाळीस मिनिटांत बर्कहॅमस्टेडला पोहोचते आणि स्थानकाबाहेर पडताच किल्ल्याचे मातीचे बंधारे दिसू लागतात. सह्याद्रीतले कडे चढलेल्यांना समोरची गवताळ टेकडी किरकोळ वाटेल. मात्र ती सबंध माणसांनी रचलेली आहे.

इंग्रज सरदारांनी 1066 मध्ये याच गावी उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून इंग्लंडवर चालून आलेल्या विल्यमपुढे शरणागती पत्करली. पुढे ही जागा त्याचा सावत्र भाऊ रॉबर्ट, मोर्तेनचा काउंट, याच्याकडे आली. सुमारे 12 मीटर उंचीची टेकडी, पायथ्याशी तटबंद आवार आणि भोवती दुहेरी खंदक अशी येथील रचना आहे. अशा किल्ल्यांत टेकडीच्या माथ्यावर बहुधा लाकडी मनोरा असे, तर खालच्या आवारात दिवाणखाना, तबेले व कोठारे. खंदकातून निघालेली मातीच टेकडीवर चढवली जाई, आणि हे काम बहुतेक वेळा आसपासच्या रयतेकडून वेठीने करून घेतले जाई. म्हणजे ज्यांच्यावर हुकूमत गाजवायची, त्यांच्याच हातून तिची बैठक उभारली जाई. राजाने सरदाराला जमीन द्यावी, सरदाराने त्याबदल्यात लढवय्ये पुरवावेत आणि त्या लढवय्यांनी पाळीपाळीने अशा किल्ल्यावर पहारा द्यावा, असा तो व्यवहार होता. सारावसुली आणि न्यायनिवाडाही येथूनच चाले, त्यामुळे आपल्याकडील वतनदाराची गढी येथे वारंवार आठवते.

लढाईपेक्षा अंमल बसवण्यासाठीच ही माती अधिक उपयोगी पडली, असे माझे मत झाले. 1216 मध्ये फ्रान्सच्या राजपुत्र लुईने वेढा घातला, तेव्हा किल्ला जेमतेम दोन आठवडे टिकला. जहागिरीचे महत्त्व मात्र पुढेही शतकानुशतके टिकले.

पायऱ्या चढून माथ्यावर गेल्यावर जुनी विहीर आणि दगडी कोटाचा पाया दिसतो. खालच्या भिंती चुन्यात बसवलेल्या चकमकीच्या दगडांच्या आहेत. जवळून पाहिल्यास फुटलेल्या दगडांचा काळा, काचेसारखा गाभा दिसतो. 1830 च्या दशकात लोहमार्ग अगदी कडेने गेला आणि बाहेरच्या दरवाजाची जागा त्याने घेतली.

प्रवेश विनामूल्य आहे, परंतु उघडण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलत असल्याने त्या आधी पाहून घ्याव्यात. पावसानंतर गवत निसरडे होते, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट घालावेत आणि पायऱ्या सोडून उतारावर चढू नये, कारण पायवाटा पडल्या की माती ढासळते. हिवाळ्यात जावे, झाडी विरळ असल्याने दोन्ही खंदकांची आखणी तेव्हाच नीट उमगते.