किती देश पाहिलेस?

नाशिकला परत येऊन आठ महिने झाले, तरी लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी कॉलेज रोडला मिसळीची वाट बघत असतानाही प्रश्न तोच : "दोन वर्षं जर्मनीत होतीस ना, मग किती देश पाहिलेस?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. एक. तोही पुरता नाही.

माझ्या वर्गातली मुलं शनिवार-रविवारात दोन-दोन देश उरकायची. मीही एकदा गेले. पॅरिसला टॉवरखाली फोटो, रात्रीच्या बसमध्ये झोप, सकाळी ब्रुसेल्स. आठवतात ते फक्त भिजलेले बूट.

शिकायला होते ट्रिअरला. विद्यापीठातून गावात येणारी बस पोर्टा निग्रापाशी थांबायची. रोमनांनी इ. स. १७० च्या सुमारास बांधलेली ही वेस. नावाचा अर्थ काळा दरवाजा, पण दगड मुळात फिकट. काळा पडला तो नंतर. बस चुकली की जवळ जाऊन बघत बसायचे. दगडांवर देवीच्या व्रणांसारखी भोकं. चुना न वापरता लोखंडी आकड्यांनी दगड जोडले होते. पुढे लोकांनी ते लोखंड उकरून नेलं. मग वेस उरली कशी? ११ व्या शतकात सिमिऑन नावाचा साधू तिच्यात कोंडून घेऊन राहिला आणि तो गेल्यावर तिचं चर्च झालं. बाकीच्या वेशींचे दगड गावाने वापरले, हिला हात लावायची छाती कोणाची? आपल्याकडे दगडाला शेंदूर लागला की रस्ता रुंद करणारेही वळसा घालतात, तसंच. ते चर्च शेवटी नेपोलियनने उतरवायला लावलं, वेस मात्र राहिली.

हे सगळं बस चुकल्यामुळे कळलं. दारातलं मात्र वर्षभर दिसलं नाही. आमच्या इमारतीसमोर फरसबंदीत दहा सेंटिमीटरचा पितळी चौकोन होता, त्यावर रोज पाय देऊन जात होते. जर्मन जरा वाचता यायला लागल्यावर एकदा वाकून पाहिलं. 'हिअर वोन्टे', म्हणजे इथे राहत होते. खाली नाव, जन्मसाल आणि शेवटी ऑशविट्झ, म्हणजे नाझींची मृत्युछावणी. नाझींनी घरातून उचलून नेलेल्यांसाठी गुंटर डेमनिग हा कलाकार १९९२ पासून असे दगड बसवतो आहे. युरोपभरात ते आता लाखाच्या वर गेलेत. त्या दिवसापासून मी तिथून जाताना बाजूने जायला लागले.

घरमालकीणबाई दर ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ साली ज्यूंची दुकानं-प्रार्थनाघरं फोडली गेली त्या तारखेला, तो चौकोन स्पंजने पुसायच्या. आमचं घर भांडी बाजारामागे; पितळ नीट निघालं नाही की माझे हात शिवशिवतात. आईने देव घासायला म्हणून बॅगेत कोंबलेली पितांबरी वर तशीच पडून होती, ती घेऊन खाली आले. रस्त्यावर उकिडवं बसून दोघींनी घासलं. अक्षरांच्या खाचांसाठी बाईंनी जुना टूथब्रश आणला.

उरलेली पुडी निघताना त्यांनाच देऊन आले.