मैत्रीला बर्फ मोजायला गेले, त्याची हकीकत

अंटार्क्टिकाला जायचं कसं, असं विचारणाऱ्यांना वाटतं मी काहीतरी थरारक सांगेन. खरं उत्तर रुक्ष आहे. अर्ज करून. गोव्यात वास्कोजवळ हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा तिथून आखल्या जातात. विद्यापीठं आणि संशोधन संस्था आपापले प्रस्ताव पाठवतात. प्रस्ताव मंजूर झाला तर जाणाऱ्या माणसाचं नाव कळवायचं, त्याची वैद्यकीय तपासणी होते, मग बर्फावरचं प्रशिक्षण, मग प्रवास. आमचा प्रस्ताव मैत्री या भारताच्या अंटार्क्टिकावरच्या केंद्राजवळच्या हिमपृष्ठाची उंची किती बदलते ते मोजण्याचा होता. कागदावर तो सरांचा. पण त्यांचे गुडघे साथ देणार नव्हते. "तू जा, मला आकडे आणून दे," एवढंच म्हणाले आणि माझं नाव गेलं.

वैद्यकीय तपासणी दिल्लीला एम्समध्ये. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ट्रेडमिलवर धावून ईसीजी, डोळे, कान, आणि दात. दातांवर तिथे फार जोर असतो. केंद्रावर डॉक्टर असतात, पण दंतवैद्य नाही, आणि दाढ ठणकायला लागली म्हणून कोणी विमान पाठवत नाही. माझी एक अक्कलदाढ संशयास्पद होती. "काढून या," म्हणाले. पुण्याला येऊन काढली आणि तसा दाखला पाठवला. हिवाळ्यात थांबणाऱ्यांची तर मानसिक चाचणीही कसून होते. त्यांना वर्षाहून जास्त काळ पंचवीसेक माणसांतच काढायचा असतो, त्यातले दोन महिने सूर्याशिवाय. मी उन्हाळी चमूत होते, त्यामुळे त्या बाबतीत सुटले.

प्रशिक्षण औलीला, भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत. शिकवणाऱ्यांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. पहिले दिवस फक्त चालायला शिकण्यात गेले. कंबरेला दोर, बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे काटे, हातात बर्फाची कुऱ्हाड. घसरलं तर पोटावर पालथं होऊन कुऱ्हाडीचं टोक बर्फात रोवायचं, हे शंभरदा करून घेतलं. पुढे हिमभेगेत पडलेल्या माणसाला दोरानं वर काढायचा सराव. जाड हातमोजे घालून गाठ मारणं हे त्यात सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचं. औलीचा बर्फ मात्र तिथल्यासारखा नाही. हिमालयात पाय रुततो. मैत्रीच्या दक्षिणेला वाऱ्यानं घासून काचेसारखा झालेला निळा बर्फ आहे, त्यावर पाय ठरतच नाही.

निघण्याआधी कपडे मिळाले, आणि नियमांचं एक व्याख्यान झालं. भारत १९८३ पासून अंटार्क्टिक करारात आहे. १९९१ च्या माद्रिद करारनाम्यानं या खंडावर खाणकामाला बंदी घातली, आणि २०२२ मध्ये आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. ऐकायला हे सगळं मोठमोठं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की मी एक संध्याकाळ चिमटा घेऊन सिंहगडावर वापरलेल्या पिशवीच्या वेल्क्रोमधून कुसळं काढत बसले. बाहेरचं एक बीसुद्धा तिथे जाता कामा नये. आणि तिथला कचरा तिथे राहता कामा नये, तो परत आणायचा.

पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून जहाजानं निघाली होती, डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली, आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. दोनच वर्षांत, तिसऱ्या मोहिमेत, नागपूरच्या डॉ. अदिती पंत आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. माझ्या बाबांना हे सांगितल्यावर त्यांची काळजी थोडी कमी झाली. "म्हणजे सोय असेल," म्हणाले. १९८३ साली सोय किती असेल ते मी त्यांना सांगितलं नाही.

आता जड सामान जहाजानं जातं आणि बरीचशी माणसं केपटाऊनहून विमानानं. इल्युशिन-७६ हे रशियन बनावटीचं मालवाहू विमान, कानात बोळे घालून बसायचं, पाच-सहा तास. ते उतरतं निळ्या बर्फावरच घासूनपुसून केलेल्या धावपट्टीवर, रशियाच्या नोवोलाझारेव्हस्काया केंद्राजवळ. ऐन उन्हाळ्यात या पट्टीचा वरचा थर मऊ पडतो आणि जड विमानांना थांबावं लागतं. म्हणून येण्याजाण्याच्या तारखा बर्फाच्या मर्जीवर ठरतात.

आकडे मी पाठ करून गेले होते. खंडाचा विस्तार सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून मोठा. ९८ टक्के बर्फाखाली. बर्फाची सरासरी जाडी जवळपास दोन किलोमीटर, काही ठिकाणी साडेचारच्या वर. सगळा वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. खंडाचे दोन भाग आहेत, मधे ट्रान्सअंटार्क्टिक पर्वताची भिंत. पूर्वेकडचा भाग मोठा, उंच, फार थंड; व्होस्तोक या रशियन केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस नोंदले गेले ते तिथेच. पश्चिमेकडचा भाग लहान, आणि त्याखालची जमीन बरीचशी समुद्रसपाटीच्या खाली. हा फरक पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

मैत्री पूर्वेकडच्या भागात आहे, शिर्माकर ओएसिसमध्ये. ओएसिस म्हणजे खजुराची झाडं नव्हेत. पस्तीसेक चौरस किलोमीटरचा उघडा, तपकिरी, टेकड्याटेकड्यांचा खडक आणि त्यात शंभराहून जास्त तळी. दक्षिणेला खंडाचा बर्फ चढत जातो, उत्तरेला आइस शेल्फ, म्हणजे जमिनीवरून पुढे सरकून समुद्रावर तरंगत राहिलेला बर्फाचा जाड थर. खुला समुद्र तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर. केंद्राचं पाणी प्रियदर्शिनी तळ्यातून येतं.

आपलं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, या खडकावर नव्हतं, शेल्फच्या बर्फावर होतं. वर्षानुवर्षं हिम साचत गेलं आणि ते त्याखाली बुडालं. १९९० मध्ये ते बंद करावं लागलं. तोवर, १९८९ मध्ये, मैत्री खडकावर खांब रोवून उभं राहिलं होतं. मी 'वितळणारा बर्फ' डोक्यात घेऊन गेले होते आणि तिथे पोहोचल्यावर ऐकलेली पहिली गोष्ट एक आख्खी इमारत बर्फात गाडली गेल्याची.

आमचं काम साधं. निळ्या बर्फात हातानं फिरवायच्या ड्रिलनं भोक पाडायचं, त्यात दांडा रोवायचा, बर्फाच्या वर दांडा किती उरला ते मोजायचं. ठरलेल्या दिवसांनी परत मोजायचं. आधीच्या चमूंनी रोवलेले दांडेही शोधायचे. स्नो स्कूटरवरून जायचं, दोराला बांधून चालायचं, टेप लावायची, तिघांनी वाचायचं, वहीत लिहायचं. पेन गोठतं, म्हणून शिसपेन्सिल. दुपारी बरं असायचं, शून्याच्या आसपास. त्रास होता तो वाऱ्याचा. खंडाच्या उंच पठारावर थंड झालेली हवा जड होऊन उतारानं खाली वाहते. तो कॅटाबॅटिक वारा दक्षिणेकडून येतो आणि एकदा लागला की थांबत नाही. हवामान खात्याचे लोक तिथे वर्षभर नोंदी घेतात. सकाळी त्यांच्याकडे डोकावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असा दंडक होता. ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ, आलं की केंद्रातून शेजारच्या झोपडीत जायलाही दोर धरून जावं लागे. त्या दिवसांत गॅली ड्यूटी, म्हणजे स्वयंपाकघरातली पाळी. पन्नास-साठ जणांचं जेवण. डॉक्टर, भूवैज्ञानिक, मेकॅनिक, सगळे कांदे चिरतात.

पहिल्या फेरमोजणीत बहुतेक दांडे जास्त उघडे पडलेले दिसले. बर्फ कमी झाला होता. मी उत्साहानं सरांना मेल केला. उत्तर एका ओळीचं: "वितळला की उडाला?"

हा प्रश्न मला पुरून उरला. त्या पठारावरून येणारी हवा इतकी कोरडी असते की बर्फ पाणी न होताच वाफ होऊन जातो. संप्लवन. निळ्या बर्फाचे पट्टे असतात तेच मुळी यामुळे: वारा हिम उडवून नेतो आणि खालचा बर्फ हळूहळू हवेत विरतो. हे हजारो वर्षं चालू आहे, त्याचा तापमानवाढीशी संबंध असेलच असं नाही. मग आम्ही प्रत्येक दांड्याजवळ हवेचं तापमान, ओल, वारा, पृष्ठभागावर पाणी दिसतंय का, हे सगळं लिहायला लागलो. वहीतले रकाने वाढले, दिवसाला होणारे दांडे कमी झाले.

जानेवारीत पाणी दिसलंच. सूर्य मावळत नव्हता. खडक तापून हाताला कोमट लागत होता. खडकाजवळच्या बर्फावर वाऱ्यानं आणलेली माती असते, ती ऊन शोषते, आणि तिथून बारीक ओहोळ सुरू होतात. काही ठिकाणी एवढा जोर, की ओलांडायला वळसा घ्यावा लागे. खळखळाट ऐकून माझ्याबरोबरचा मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, संपला बर्फ!" तसं नव्हतं. उन्हाळ्यात तिथे पाणी होतंच, आणि त्यातलं बरंच पुन्हा गोठतं. एका उन्हाळ्यावरून काही म्हणता येत नाही. जवळच दक्षिण गंगोत्री नावाच्याच हिमनदीचं टोक आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १९८३ पासून ते मोजत आलं आहे. ते हळूहळू मागे सरकतंय हे म्हणता येतं, कारण मोजणाऱ्यांच्या दोन पिढ्या त्यामागे आहेत.

संध्याकाळी केंद्रात याच विषयावर गप्पा व्हायच्या. हिवाळ्यात राहणारे एक ज्येष्ठ सहकारी होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांचं म्हणणं, लोक 'अंटार्क्टिकाचा बर्फ' असं एकवचनात बोलतात तिथेच घोळ होतो. सागरी बर्फ हा समुद्राचं पाणी गोठून होतो, दर हिवाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात ओसरतो. तो वितळला तरी समुद्राची पातळी जवळजवळ बदलत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचा हिवाळी विस्तार १.७ कोटी चौरस किलोमीटरच्याही आत राहिला, उपग्रह नोंदींतला नीचांक. शेल्फही तरंगतंच, त्यामुळे तेही वितळून पातळी थेट वाढत नाही. पण ते मागच्या हिमनद्यांना अडवून धरतं. गणपतीच्या मिरवणुकीत पुढचा ट्रक चौकात अडून राहिला की मागची मंडळं जागची हलत नाहीत, तसं. २००२ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचं लार्सन बी शेल्फ, सव्वातीन हजार चौरस किलोमीटरचं, काही आठवड्यांत फुटलं आणि मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला. पातळी वाढवतो तो हा जमिनीवरून उतरणारा बर्फ.

आणि तो सगळीकडे सारखा उतरत नाही. आम्ही होतो त्या क्वीन मॉड लँडमध्ये २००९ आणि २०११ मध्ये इतकं हिम पडलं की उपग्रहांना तिथलं वजन वाढलेलं दिसलं. ऊबदार हवा जास्त बाष्प आणते, त्यामुळे हे तापमानवाढीच्या विरोधातही जात नाही. पश्चिमेकडे मात्र समुद्राचं कोमट खोल पाणी शेल्फच्या खालून शिरतं आणि बुडापासून बर्फ खातं. जमीनच समुद्रसपाटीखाली असल्यानं पाण्याला आत आत जायला वाट मिळते. एकटी थ्वेट्स हिमनदी पूर्ण गेली तर समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल. गुरुत्व मोजणाऱ्या उपग्रहांच्या हिशेबानं २००२ पासून सगळा खंड मिळून वर्षाला साधारण १५० अब्ज टन बर्फ गमावतोय. ३६० अब्ज टनांना समुद्र एक मिलिमीटर चढतो, यावरून हिशेब करता येतो. शिवाय एवढा बर्फ गेला की खंडाचं गुरुत्वाकर्षण तेवढं घटतं, आसपासचं पाणी दूर सरतं, आणि उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर वाढ सरासरीपेक्षा थोडी जास्त होते. हे ऐकल्यावर आमच्यातला रत्नागिरीचा मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे जवळच्याला कमी आणि लांबच्याला जास्त? हा कुठला न्याय?"

पूर्वेकडचा भाग सुरक्षित, असंही दादा म्हणू देत नसत. मार्च २०२२ मध्ये उत्तरेकडून ओलसर, उबदार हवेचा लोट आत घुसला आणि पूर्वेकडच्या उंच पठारावरच्या डोम सी इथे तापमान त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा सुमारे ३८ अंशांनी वर गेलं. शून्याच्या वर नव्हे. उणे पन्नासच्या जागी उणे बारा. त्याच सुमारास पूर्व किनाऱ्यावरचं काँगर शेल्फ, बाराशे चौरस किलोमीटरचं, कोसळलं.

परतीच्या आधी सगळ्या दांड्यांची शेवटची मोजणी, जीपीएसवर जागा, फोटो, आणि एक यादी. दोन दांडे सापडलेच नाहीत, वाऱ्यानं मोडले असावेत. यादीत त्यांच्यापुढे तसं लिहिलं. कचऱ्याच्या पिशव्या वजन करून नोंदवल्या. विमान हवामानामुळे दोनदा पुढे ढकललं गेलं, तिसऱ्यांदा निघालं.

पुण्यात आल्यावर सरांनी प्रवासाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, वही मागितली. आमच्या आकड्यांतून निघालं ते एवढंच: निळ्या बर्फावरची बहुतेक घट संप्लवनाची, खडकाजवळच्या पट्ट्यात वितळण्याची, आणि या दोहोंचं प्रमाण बदलतंय का हे सांगायला निदान दहा वर्षांच्या नोंदी हव्यात. माझ्यानंतर गेलेल्या मुलीला मी यादी दिली, शिसपेन्सिली जास्त ने म्हणाले, आणि ड्रिलचं पातं गोव्यातच तपासून घ्यायला सांगितलं. तिनं मोडलेल्या दांड्यांच्या जागी नवे रोवलेत.