पहिली तीन पावलं सारखी हवीत

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, दर दोन-तीन वर्षांनी ‘नवा ऑफेन्स (आक्रमणाची पद्धत) आला’ अशी चर्चा सुरू होते. प्लेबुक (संघाच्या आखलेल्या खेळींची वही) उघडून पाहिलं, तर रूट (पास झेलण्यासाठी धावायच्या ठरलेल्या वाटा) तेच जुने असतात: स्लँट, कर्ल, डिग, पोस्ट, व्हील. बदलत राहतं ते बचावपटूच्या डोळ्यांसमोरचं चित्र. स्नॅपच्या (फळीतला मधला खेळाडू, सेंटर, चेंडू मागे देतो तो क्षण) आधी त्याला काय दिसतं आणि स्नॅपनंतरच्या पहिल्या तीन पावलांत काय दिसतं, यावर सगळी मेहनत चालते. माझ्या मते सुटा प्ले (एकच खेळी) आखण्यात फारसा अर्थ नाही. आखायची ती जोडी. दोन प्ले तिसऱ्या पावलापर्यंत हुबेहूब सारखे आणि चौथ्या पावलाला वेगळे.

याचं सर्वांत पक्कं उदाहरण म्हणजे आउटसाइड झोन ही कडेच्या दिशेची धाव आणि तिच्या जोडीचा बूटलेग, म्हणजे त्याच धावेचं सोंग करून टाकलेला पास. नव्वदच्या दशकात डेन्व्हर ब्रॉंकोसमध्ये माइक शानाहान आणि लाइनचे (पुढच्या फळीचे) कोच अ‍ॅलेक्स गिब्स यांनी ही धाव घोटून घेतली. 1998 मध्ये टेरेल डेव्हिसने 2,008 यार्ड काढले, त्यात तिचा मोठा वाटा होता. पाचही लाइनमन एकाच दिशेला सरकतात, त्या बाजूचा पाय आधी पडतो. प्रत्येकाकडे माणसाऐवजी जागा सोपवलेली असते. त्या जागेत जो येईल तो त्याचा. चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक टाइट एंडच्या (लाइनच्या टोकाला उभा राहून ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) बाहेरच्या बाजूचा नेम धरून धावतो. त्याच्यापुढे तीन वाटा असतात: कडेने बाहेर पडणं, मधल्या फटीत घुसणं, किंवा बचाव वाहून पुढे गेला की कट मारून मागे वळणं. कट एकच. दुसरा मारायला गेला की फट मिटते. घाईने मारला तरी फसतो, कारण लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतले खेळाडू) अजून हललेलेच नसतात आणि बॅक थेट त्यांच्या अंगावर जातो.

बूटलेगमध्ये हेच सगळं तसंच घडतं. लाइन त्याच बाजूला सरकते, बॅक तोच नेम धरतो, फक्त क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) चेंडू मांडीआड लपवून उलट दिशेला निघतो. त्याच्या समोर एकाच बाजूला तीन उंचीवर तीन रिसीव्हर (पास झेलणारे) येतात: फ्लॅटमध्ये (कडेजवळच्या उथळ जागेत) दोन-चार यार्डांवर एक, पलीकडून आडवा येणारा बारा-पंधरा यार्डांवर दुसरा आणि त्याही मागे खोलवर तिसरा. मैदानाचा अर्धाच भाग वाचायचा असल्यामुळे निर्णय सोपा होतो.

हे बिघडतं ते मागच्या, म्हणजे धावेच्या उलट बाजूच्या डिफेन्सिव्ह एंडमुळे (बचावाच्या पुढच्या फळीतला टोकाचा खेळाडू). तो धावेमागे न जाता जागीच थांबला, तर वळलेला क्वार्टरबॅक सरळ त्याच्या तावडीत सापडतो. त्यावरचा उपाय मला या खेळातली सर्वांत सुंदर आखणी वाटतो. धावेच्या वेळी टाइट एंड लाइनच्या मागून, उलट दिशेने येऊन त्या एंडला ब्लॉक करतो. असं दोन-तीनदा झालं की पुढच्या वेळी टाइट एंड त्याच वाटेने येतो, एंडला खांदा न लावता शेजारून निसटतो आणि फ्लॅटमध्ये चेंडू घेतो. एंडने ब्लॉकची तयारी ठेवली तर पास सुटतो, पासच्या मागे गेला तर धावेला मोकळं रान मिळतं.

कोच शॉन मॅकव्हेच्या 2018 च्या रॅम्सने हीच जोडी जवळपास प्रत्येक प्लेला तीन रिसीव्हर मैदानात ठेवून चालवली, वर जेट मोशनची (स्नॅपच्या आधी रिसीव्हरने वेगात आडवं धावण्याची) भर घातली. खेळाडू तेच आणि रचनाही तीच, त्यामुळे काय येणार याचा सुगावा लागत नसे. पण सुपर बोल 53 मध्ये, म्हणजे त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, पॅट्रियट्सनी लाइनवर सहा माणसं उभी करून बाहेरच्या वाटा बुजवल्या आणि मागे क्वार्टर्स कव्हरेज (खोल मैदान चौघांत वाटून राखणं) ठेवून खोल पासही अडवले. निकाल 13-3, पॅट्रियट्सच्या बाजूने. ज्या जोडीचा पहिला प्लेच चालत नाही, तिचा दुसरा प्ले कोणालाच फसवत नाही.

मोशनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. नियम असा: शिफ्टनंतर, म्हणजे जागा बदलल्यावर, अकराही जण पूर्ण एक सेकंद स्थिर हवेत आणि स्नॅपच्या क्षणी फक्त एकच जण हलता असू शकतो, तोही आडवा किंवा मागे, पुढे नाही. चुकलं की पाच यार्डांचा दंड. पूर्वी मोशनचा मुख्य उपयोग बचाव ओळखण्यासाठी होता. रिसीव्हरच्या मागे कोणी धावलं तर बहुधा मॅन (एकास एक बचाव), नाही तर झोन (जागा राखणारा बचाव). कोच माइक मॅकडॅनियलच्या डॉल्फिन्सनी तिचा वेगासाठी वापर केला. त्यांचा रिसीव्हर टायरीक हिल आतल्या बाजूला उभा राहून स्नॅपच्या अगदी आधी बाहेरच्या दिशेला पळू लागे. चेंडू सुटला तेव्हा तो आधीच वेगात असे. 1978 पासून रिसीव्हरला पहिल्या पाच यार्डांनंतर अडवता येत नाही, आणि त्या पाच यार्डांतही पळत्या माणसावर हात टाकणं अवघड. 24 सप्टेंबर 2023 रोजी याच संघाने ब्रॉंकोसवर 70-20 असा विजय मिळवला, एकूण 726 यार्ड काढून. यात सगळा खेळ वेळेचा आहे. बाहेरच्या मैदानावर गोंगाट असला की क्वार्टरबॅकचा आवाजी काउंट (स्नॅपची वेळ सांगणारी हाक) बंद पडतो, सेंटरच्या मानेच्या इशाऱ्यावर स्नॅप होतो, आणि पाव सेकंद इकडेतिकडे झाला तरी रिसीव्हर एक तर थांबलेला असतो किंवा पुढे झुकलेला.

आरपीओबद्दल, म्हणजे धाव की पास हे क्वार्टरबॅकने स्नॅपनंतर ठरवायच्या प्लेबद्दल, थोडक्यात. कॉलेजमध्ये पास सुटण्याआधी लाइनमनला तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. म्हणून इथे आरपीओचे पास झटपट सुटणारे असतात, बहुतेक स्लँट किंवा त्याच्या जवळपासचे. क्वार्टरबॅकने क्षणभर जास्त विचार केला की दंडाचा झेंडा पडतो.

मैदानाच्या मापाचाही इथे संबंध आहे. रुंदी 53⅓ यार्ड, आणि एनएफएलचे हॅश (ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून प्ले सुरू होतो त्या खुणा) एकमेकांपासून फक्त साडेअठरा फुटांवर. कॉलेजमध्ये 40 फूट. म्हणजे चेंडू कायम मधोमधच्या आसपास राहतो आणि आयती रुंद बाजू मिळत नाही. ती बनवावी लागते. रिसीव्हर टॅकलच्या (पाच लाइनमनांतला टोकाचा) अगदी जवळ उभे केले की त्यांच्या बाहेर मोठी जागा मोकळी होते, शिवाय ते धावेत लाइनबॅकरला ब्लॉकही करू शकतात.

गेल्या काही वर्षांत दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल ठेवणारा, कोच विक फँजिओच्या पद्धतीचा बचाव सगळीकडे पसरला. तो खोल पास झाकतो आणि पुढे सहाच माणसं ठेवून धावेचं आमिष दाखवतो. ते आमिष निमूट स्वीकारावं, असं मला वाटतं. दोन टाइट एंड आणा, क्वार्टरबॅकला सेंटरच्या मागे उभं करा, सेफ्टी खाली येईपर्यंत धावत राहा. तो खाली आला की त्याच्या मागे पोस्ट (मैदानाच्या मधोमध खोल जाणारा रूट).

तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी तिसरीत, आठ यार्ड हवे असले की मात्र हे सारं गळून पडतं. धावेचं सोंग कोणी मानत नाही, लाइनबॅकर पहिल्या पावलाला मागेच जातात. तिथे उरतं ते एका बाजूला मॅनवर चालणारं मेश (एकमेकांना छेद देणारे रूट) किंवा बंच (जवळजवळ उभे केलेले रिसीव्हर), दुसऱ्या बाजूला झोनवर चालणारा रूट, आणि कोणती बाजू वाचायची हे स्नॅपच्या आधी ठरवणारा क्वार्टरबॅक. सहा जणांनी चालून येणाऱ्या सात जणांना अडवायचं असेल तर सातव्याला चुकवायची जबाबदारीही त्याचीच.