तास संपल्यावर भेटते

उत्तम मुख्याध्यापकांना दरवर्षी पुरस्कार देणाऱ्या एका संस्थेच्या निवड समितीवर मी 6 वर्षं काम करतोय. काम तसं ठरलेलं आहे, अर्ज वाचायचे, गुण द्यायचे, शेवटच्या यादीतल्या शाळांमध्ये जाऊन यायचं आणि मुख्याध्यापकांशी तासभर बोलायचं. संस्थेचं नाव घेत नाही कारण पुढे आमच्याच गुणपत्रिकेबद्दल तक्रार येणार आहे.

त्या दिवशी 2 शाळा होत्या. पहिलीबद्दल थोडक्यात सांगतो. फाइल जाडजूड, प्रत्येक उपक्रमाचे फोटो, आणि आमच्या स्वागताला मुलं ओळीत उभी केलेली, ती किती वेळ उभी होती कोण जाणे, बघूनच वाईट वाटलं. सर मेहनती आहेत, शाळेसाठी खूप केलंय त्यांनी, त्यात शंका नाही. पण शिक्षणाबद्दल तुम्हाला काय वाटतं असं विचारल्यावर सर्वांगीण विकास, संस्कार, गुणवत्ता असे शब्द आले आणि एकाही शब्दामागे एखादं मूल दिसेना. गुणपत्रिकेत मात्र गुण भराभर बसत गेले.

दुसऱ्या शाळेत पोचलो तर मॅडम ऑफिसात नाहीत. क्लार्क म्हणाले एक शिक्षिका अचानक रजेवर गेल्यात म्हणून मॅडम पाचवीवर त्यांचा तास घेतायत. आम्ही आल्याचा निरोप पाठवला, तर चिठ्ठी परत आली, "तास संपल्यावर भेटते. कृपया बसा." बरोबरचे सदस्य चिडले, समिती आलीये आणि ही काय पद्धत झाली. मी उठून व्हरांड्यात गेलो आणि वर्गाच्या खिडकीपाशी उभा राहिलो.

फळ्यावर 3/8 आणि 1/2. कोणता मोठा? विचारून मॅडम गप्प. नुसत्या गप्प नाही, टेबलाच्या कडेवर त्यांचं एकेक बोट दाबलं जात होतं, एक, दोन, तीन. एक मुलगी म्हणाली तीन छेद आठ मोठा, कारण तीन पण मोठे आणि आठ पण मोठे. मॅडम चूक म्हणाल्या नाहीत की बरोबरही म्हणाल्या नाहीत. "हे कोणाला पटतंय? कोणाला नाही पटत?" परत बोटं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने कागदाची पट्टी तीनदा दुमडली, आठ भाग झाले, आणि म्हणाला अर्धा म्हणजे यातले चार, इथे तर तीनच आहेत. मला वाटलं आता संपलं. पण मॅडम त्या मुलीकडे वळल्या, "मग तुला आधी तसं का वाटलं असेल?" आणि ती मुलगी जरासुद्धा न खजील होता म्हणाली, मी दोन्ही आकडे वेगवेगळे बघितले, एकत्र नाही बघितले. अपूर्णांकात मुलं नेमकी जिथे अडकतात ते पाचवीतली मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगत होती!

नंतर ऑफिसात मी आधी बोटांबद्दलच विचारलं. त्यांनी कपाटातून एक साधी दोनशेपानी वही काढली. मुख्याध्यापक शिक्षकांच्या तासाला बसून नोंदी लिहितात तशी वही शाळांमध्ये असतेच, पण ही उलटी होती. यात शिक्षक मॅडमच्या तासाला बसून नोंदी लिहितात. नोकरीचं दुसरंच वर्ष असलेल्या एका शिक्षकाने लिहिलं होतं, "मॅडम, तुम्ही 14 प्रश्न विचारलेत. त्यातल्या 9 प्रश्नांची उत्तरं मुलांनी तोंड उघडायच्या आत तुम्हीच दिलीत." त्याखाली लाल शाईत मॅडमचं अक्षर, "खरं आहे. पुढच्या वेळी मनात 3 मोजेन. तुम्ही परत बघायला या."

मी दोन वेळा वाचलं ते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात हेच दाखवलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी साधारण 1 सेकंदच थांबतात, तेच 3 सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलायला लागतात. मॅडमना रो माहीत होत्या. "वाचून बरीच वर्षं झाली हो, पण मी स्वतः थांबत नाही हे मला त्या मुलामुळे कळलं," त्या म्हणाल्या. त्या मुलामुळे म्हणजे त्या तरुण शिक्षकामुळे.

पुढचा तास कसा गेला कळलं नाही. त्यांची मतं ऐकताना प्रत्येक मताला एक प्रसंग चिकटलेला होता. सगळ्यात अनुभवी शिक्षिका त्या पहिलीला देतात, वरच्या वर्गाला नाही, त्यावरून शाळेत एक वर्ष धुसफूस चालली, कारण वरचा वर्ग मिळणं हा मान समजला जातो. त्यांचं म्हणणं एवढंच की वाचता न येणारं मूल पुढच्या प्रत्येक वर्गात प्रत्येक विषयात मागे पडतं, मग सगळ्यात चांगला माणूस तिथे नको का? उशिरा येणाऱ्या मुलांसाठी गेट बंद करत नाहीत, फक्त वार लिहून ठेवतात. एकदा लक्षात आलं की तीच 8 मुलं ठरावीक 2 दिवशीच उशिरा येतात आणि त्या दोन्ही दिवशी पहिला तास एकाच विषयाचा आहे. मुलांना काहीच न बोलता त्या आठवडाभर त्या तासाला जाऊन बसल्या. शिक्षकांना रागावल्या का, मी विचारलं. नाही म्हणाल्या, आम्ही दोघांनी मिळून ते पाठ परत तयार केले.

संशोधनही हेच सांगतं. व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये वेगवेगळे अभ्यास एकत्र करून मुख्याध्यापकाच्या कुठल्या कामाचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो ते मोजलं, आकडा जितका मोठा तितका परिणाम जास्त, शिस्तबद्ध वातावरण 0.27, साधनसामग्री 0.31, आणि शिक्षकांच्या शिकण्याला पाठबळ देणं, स्वतः त्यात सामील होणं, हे 0.84. 2021 मध्ये जेसन ग्रिसम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अभ्यासांवरून हिशोब मांडला की कमी प्रभावी मुख्याध्यापकाच्या जागी चांगला प्रभावी मुख्याध्यापक आला तर शाळेतल्या सर्वसाधारण मुलाचं वर्षाला गणितात 2.9 आणि वाचनात 2.7 महिन्यांइतकं जास्त शिकणं होतं. एका वर्गाचं नाही, सगळ्या शाळेचं. म्हणून मला ही निवड हलक्यात घेववत नाही.

आणि आमची गुणपत्रिका? उपक्रम 30, निकाल 25, इमारत आणि सुविधा 20, समाजसहभाग 15, मुलाखत 10. ती वही कुठल्या रकान्यात बसवू? संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मी बराच वाद घातला. एक सदस्य म्हणाले, "वही चांगली आहे हो, पण ती उपक्रम म्हणून दाखवलेली नाहीये ना." खरंच दाखवलेली नव्हती, मॅडमच्या अर्जात तिचा उल्लेखच नव्हता, शाळेच्या सहकाऱ्यांनी आग्रह धरून अर्ज भरायला लावला होता आणि तोही जेमतेम 4 पानांचा. पुरस्कार पहिल्या शाळेच्या सरांना मिळाला. ते अपात्र होते असं मी म्हणणार नाही. पण रात्री झोप लागली नाही, आपण मोजायचं ते मोजलंच नाही असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी 2 पानांचं पत्र लिहून संस्थेला दिलं. बऱ्याच चर्चा झाल्या, आणि या वर्षीच्या अर्जात एक प्रश्न आला आणि त्याला 20 गुण, "गेल्या महिन्यात तुम्ही कोणाच्या तासाला बसलात, तुमच्या तासाला कोण बसलं, आणि त्यानंतर काय बदललं?" हे सांगायला मॅडमना फोन केला. पुरस्काराबद्दल एक शब्द नाही. म्हणाल्या, "पुढच्या वेळी खिडकीत उभे राहू नका, आत येऊन बसा आणि नोंद लिहा."

गेल्या महिन्यात गेलो. मागच्या बाकावर बसलो, पाढ्यांचा तास होता, आणि वहीत लिहिलं, "12 प्रश्न विचारलेत. 1 उत्तर तुम्ही आधी दिलंत." काल त्यांनी त्या पानाचा फोटो पाठवला. माझ्या नोंदीखाली लाल शाईत लिहिलंय, "कोणतं?"