शिरोरेघ वळली, पण भ चा म झाला

काल्पनिक प्रदेशांचे नकाशे काढणारा एक प्रोग्राम मी लिहितोय. त्यात 'भैरवधार' हे नाव काल पहिल्यांदा डोंगररांगेच्या पाठीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत वळत गेलं आणि शिरोरेघ कुठेही तुटली नाही. पाच मिनिटं नुसता बघत बसलो. मग झूम कमी केला, तर नकाशावर स्वच्छ 'मैरवघार' लिहिलेलं. त्याबद्दल खाली सविस्तर.

आधी नद्यांचा निकाल. मागच्या वेळी खळग्यांत अडकून बसणाऱ्या सगळ्या नद्या आता समुद्राला मिळतात. बार्न्स, लेहमन आणि मुल्ला यांची २०१४ची प्रायॉरिटी-फ्लड पद्धत लावली: किनाऱ्यापासून आत सरकायचं, दर वेळी सगळ्यात खालची कोशिका (नकाशाचा छोटा तुकडा) उचलायची, खळगा लागला की काठोकाठ भरून पुढे जायचं. सपाटीवर नद्या शिस्तीत समांतर धावायला लागल्या होत्या, तिथे उंचीत जरासा रँडम खडबडीतपणा टाकला. विषय संपला.

आता नावं. रांगेचं नाव अक्षरं ऐसपैस पसरून कण्यावरून वळवायचं, ही नकाशांची जुनी रीत. लॅटिन लिपीला ती फुकटात जमते, कारण तिथे अक्षरं मुळातच सुटी असतात. आपल्याकडे अंतर वाढवलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात. त्यातून वळण कमानीसारखं असेल तर अक्षरांचे माथे फाकतात आणि प्रत्येक सांध्यावर पाचर मारल्यासारखी फट दिसते. एसव्हीजी या रेखाचित्रांच्या स्वरूपातला टेक्स्टपाथ, म्हणजे वक्रावरून मजकूर नेणारा घटक, जोडाक्षरं नीट सांभाळतो, पण ही फट तोही बुजवत नाही. आधी वापरत होतो त्या चित्रण-लायब्ररीचं तर नावच काढायला नको: प्रत्येक कोडपॉइंट (अक्षर, मात्रा, वेलांटी यांचा सुटा संकेत) वेगळा काढते, त्यामुळे वेलांट्या ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेल्या. ज्यांना मराठी नकाशा करायचा आहे त्यांनी थेट हार्फबझकडे (अक्षरजुळणीची लायब्ररी) जावं. पूर्ण शब्द एकदम द्या, तो जुळवलेले ग्लिफ (फाँटमधले अक्षरांचे आकार) आणि त्यांच्या जागा परत देतो. अक्षरं कुठे तोडायची हे युनिकोड या अक्षर-मानकाच्या नियमांवर सोडणार असाल तर १५.१ किंवा पुढची आवृत्ती बघून घ्या. त्याआधीच्या नियमांनी 'सह्याद्री'चे स, ह्, या, द्, री असे पाच तुकडे होतात. आता स, ह्या, द्री असे तीनच.

मार्ग सापडला तो मोडीमुळे. मोडी लिहिणारे आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जात. मी उलटं करत होतो, अक्षरं मांडून त्यांच्या माथ्यांना ठिगळं लावत होतो. म्हणून आता वक्ररेषा हीच शिरोरेघ. डोंगराचा कणा व्होरोनॉय कोशिकांतून (विखुरलेल्या बिंदूंभोवती, सगळ्यात जवळचा बिंदू कोणता यावरून पाडलेले तुकडे) काढायचा, चायकिनच्या पद्धतीने कोपरे कापून गुळगुळीत करायचा, फाँटमधल्या शिरोरेघेच्याच जाडीने तो गिरवायचा आणि त्याला अक्षरं न वाकवता टांगायची. अक्षराची स्वतःची सरळ रेघ गिरवलेल्या वक्राखाली झाकली जाते. किती झाकली जाते याचं गणितही सोपं आहे: अक्षराच्या कडेला फरक पडतो तो रुंदीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. २० पिक्सेल रुंद अक्षर आणि २०० त्रिज्या असेल तर पाव पिक्सेल, डोळ्याला कळतही नाही. त्रिज्या ४० वर आली की सव्वा पिक्सेल, आणि मग रेघ दुहेरी दिसते. त्यामुळे किमान त्रिज्येची अट घातली. रांग त्याहून जास्त वळत असेल तर नाव रांगेला न जुमानता सरळ जातं.

आणि इथेच भैरवधारची मैरवघार झाली. भ, ध आणि थ यांच्या डाव्या अंगाला डोक्यावर रेघ नसते. मी सलग रेघ ओढली, ती मोकळी जागा भरली आणि बारीक आकारात तेवढीच खूण वाचवणारी होती. मोडीची युक्ती बाळबोधात जशीच्या तशी चालत नाही ती अशी.

यादी करून अपवाद लावता आले असते, पण जोडाक्षरांत ती यादी संपत नाही. ध्य, भ्र, स्थ, करत बसा. त्याऐवजी प्रत्येक ग्लिफवर शिरोरेघेच्या मध्याच्या उंचीवर एक आडवी रेषा टाकतो आणि बाह्यरेषेच्या आत ती कुठून कुठपर्यंत आहे ते मोजतो. तेवढ्याच भागावर गिरवायचं. उरला दोन अक्षरांमधला वाढवलेला मोकळा भाग: तिथे रेघ हवी, पण पुढचं अक्षर भ-ध-थ असेल तर ती एक तृतीयांश अंतरावर थांबवतो. पूर्ण नेली की भ च्या गाठीला चिकटते. आता नाव बारीक आकारातही बरोबर वाचता येतं.

या कामाला 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' फाँट झकास. शिरोरेघ सगळीकडे एका उंचीवर, एका जाडीची, शिवाय फुकट. हौसेने विकत घेतलेल्या एका नक्षीदार फाँटमध्ये मात्र दर अक्षराला रेघेची जाडी वेगळी निघाली. तो आता फक्त नकाशाच्या शीर्षकापुरता.

मधल्या वेळात नाव-जनकात, म्हणजे नावं तयार करणाऱ्या कोडमध्ये, एक मजा टाकली आहे. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वस्त्या आल्या तर दोघींना एकच नाव, मोठी ती बुद्रुक, छोटी ती खुर्द. एवढ्या एका नियमाने नकाशाला जो जिवंतपणा आला तो हवामानाच्या सगळ्या कोडने आला नव्हता.

पुढचा बेत शहरांच्या नावांची टक्कर सोडवण्याचा होता. पण हे लिहिता लिहिता वेगळंच डोक्यात आलं. नदीचं नाव नदीच्या वर लिहायचं की खाली, यावर इतके दिवस घोळ घालतोय. वर लिहिलं की उकार पाण्यात, खाली लिहिलं की वेलांट्या आणि रफार. मग नदीलाच शिरोरेघ का करू नये? अक्षरं थेट प्रवाहाला टांगायची! वेलांटी पलीकडच्या काठावर जाईल, पण ती नाही तरी रेघेच्या वरच असते. मुखाकडे पात्र रुंद होत जातं, म्हणजे अक्षरंही त्या प्रमाणात मोठी करावी लागतील. भ-ध-थ आले की मात्र नदी मध्येच कोरडी पडणार. कृष्णा चालेल, भीमा नाही. त्यामुळे तूर्त नदीनामांच्या जनकातून ही तीन अक्षरं काढून टाकतो आणि शहरं पुढच्या नोंदीवर ढकलतो.