बॅजवर 142, रक्तात एक

पत्र कंपनीच्या नावानं आलं होतं, पण आकडा माझा होता. 142 मिलिसिव्हर्ट, म्हणजे अंगावर आलेल्या रेडिएशनचं माप. आम्हा रेडिएशनवाल्यांना पाच वर्षांत मिळून 100 ची मर्यादा, म्हणजे वर्षाला सरासरी 20, आणि एखाद्या वर्षी अगदीच झालं तर 30. रेडिएशन मोजायला अंगावर लावतो त्या माझ्या एका बॅजनं पाच वर्षांचा कोटा एका फटक्यात संपवून वर 42 जास्त दाखवले होते. आरएसओंनी, म्हणजे रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्यांनी, पत्र टेबलावरून पुढं सरकवलं आणि एवढंच विचारलं, "बॅज कुठं ठेवला होतास?"

"छातीवर," मी म्हणालो. तेव्हा खरंच तसंच वाटत होतं.

वेल्डिंगच्या जोडांची रेडिओग्राफी, म्हणजे आतले दोष बघायला रेडिएशननं फिल्मवर फोटो काढणं, हे माझं काम. इरिडियम-192 चा किरणोत्सर्गी सोर्स क्रँक फिरवून कॅमेऱ्यातून, म्हणजे त्याच्या जाड पेटीतून, बाहेर काढायचा, ठरलेला वेळ ठेवायचा, परत आत घ्यायचा. दिवसा वर्कशॉपमध्ये माणसं असतात म्हणून आमची पाळी रात्रीची. पत्र आलं त्या रात्री मात्र घरीच होतो, कारण चौकशी होईपर्यंत रेडिएशनचं काम बंद. पडल्या पडल्या एकच विचार. एखाद्या रात्री सोर्स पूर्ण आत आलाच नसेल तर? कॅमेऱ्याजवळ जाताना मी सर्व्हे मीटर (रेडिएशन दाखवणारं यंत्र) दरवेळी बघतो का? बहुतेक वेळा बघतो. हे 'बहुतेक' रात्री दोन वाजता फार छळतं.

जॅकेट आठवलं तिसऱ्या दिवशी. चाकणला एका वर्कशॉपमध्ये पाइपांचे स्पूल (जोडलेले तुकडे) होते, थंडीचे दिवस. सामान उचलून घाम आला म्हणून जॅकेट काढलं आणि पाइपाच्या स्टँडला अडकवलं. बॅज जॅकेटलाच. आम्ही कॉर्डनच्या, म्हणजे आखलेल्या हद्दीच्या, बाहेर, जॅकेट सोर्सपासून दोन हातांवर. कागद घेऊन बसलो. सोर्सची ताकद 30 क्युरीच्या आसपास, एका मीटरवर ताशी साधारण 140 मिलिसिव्हर्ट, अंतर मीटरपेक्षा थोडं कमी, 16 शॉट, प्रत्येकी तीन मिनिटं. उत्तर 140 च्या आगेमागेच आलं. बायकोला उठवून सांगितलं.

ती म्हणाली, "मग सांगून टाका ना तसं."

सांगितलं. प्रश्नावलीत सगळं लिहिलं. पण मीच चौकशी करणारा असतो तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता. पत्र आल्यावर तीन दिवसांनी आठवलेलं जॅकेट कोण मानणार? बॅजमध्ये तीन चकत्या असतात, त्या तापवल्या की साठलेलं रेडिएशन उजेड होऊन बाहेर पडतं आणि तो उजेड मोजतात. पण बॅज अंगावर होता की स्टँडवर, हे चकत्यांना काय ठाऊक? पॉकेट डोसिमीटर, म्हणजे जागच्या जागी रीडिंग दाखवणारा खिशातला मीटर, शर्टाला होता, त्याचं त्या रात्रीचं रीडिंग रजिस्टरमध्ये किरकोळ होतं. आणि रजिस्टर? सगळा आठवडा एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरलेला, अक्षर माझं. हेल्परची साक्ष काढावी तर तो माझाच हेल्पर.

म्हणून रक्त. कंपनीच्या डॉक्टरांनी आधी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली, नॉर्मल आली, आणि "काही नाही हो" म्हणाले. पण 142 मध्ये सीबीसीत काही दिसतच नाही. पांढऱ्या पेशी घसरायला याच्या कितीतरी पट डोस लागतो. खरी तपासणी गुणसूत्रांची. त्यासाठी मला मुंबईला, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राकडे जायचं होतं.

रक्त घेणं दोन मिनिटांचं काम. हिरव्या झाकणाची नळी, पाच मिली. त्याआधीचा फॉर्मच मोठा: विडी-सिगारेट, हल्लीचा ताप, औषधं, सीटी स्कॅन. मागं बाइकवरून पडलो तेव्हा डोक्याचा सीटी झाला होता, तो लिहिला. लपवण्यात अर्थ नव्हता, इथं रजिस्टर मी भरत नव्हतो.

पुढं काय करतात ते तिथल्या मॅडमनी सांगितलं, मी विचारलं म्हणून. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी एरवी गप्प असतात. त्यांना औषध घालून विभागायला लावायचं, 37 अंशांवर 48 तास ठेवायचं, आणि ऐन विभागणीत दुसऱ्या औषधानं थांबवायचं. मग पेशी फुगवून काचेवर थेंब टाकायचा आणि रंगवायचा. भिंतीवर एक फोटो होता: एका पेशीतली 46 गुणसूत्रं, सांडलेल्या जांभळ्या शेवयांसारखी. प्रत्येकीला एक कंबर. रेडिएशननं दोन गुणसूत्रं तुटून चुकीची जोडली गेली की एकाला दोन कंबरा येतात, आणि उरलेला बिनकंबरेचा तुकडा बाजूला पडतो. याला डायसेंट्रिक म्हणतात. माझ्या 1000 पेशी बघणार होते. "नजरेनं?" मी विचारलं. "नजरेनंच," त्या म्हणाल्या.

मला एकदम बरं वाटलं. मीही रात्र रात्र व्ह्यूअरवर फिल्म लावून पोरोसिटी (बारीक भोकं) आणि क्रॅक शोधतो. कंटाळलेला डोळा काय काय सोडून देतो, हेही मला माहीत आहे. तेवढं त्यांना बोललो नाही.

रिपोर्ट येईपर्यंतचे आठवडे घरात वाईट गेले. आईला 'रक्त तपासायला दिलंय' एवढंच सांगितलं होतं, तिनं परस्पर साखरेचं समजून माझा चहा बिनसाखरेचा केला. दुसऱ्या मुलाचा विचार चालला होता, तो आम्ही न बोलता थांबवला.

रिपोर्टमध्ये 1000 पेशींत डायसेंट्रिक एक.

शून्य नाही, एक! बायकोचं बोट त्या आकड्यावरच थांबलं. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी न कंटाळता समजावलं: रेडिएशनच्या वाऱ्यालाही न उभ्या राहिलेल्या माणसाच्या हजार पेशींत एखाद-दुसरी अशी सापडतेच. खरोखर 142 अंगावर आले असते तर पाच-सहा तरी दिसायला हव्या होत्या. आणि हेही सांगितलं, की साधारण 100 च्या खालचं या तपासणीला नीट दिसत नाही, तेव्हा अंगावर काहीच आलं नाही असा याचा अर्थ काढू नका. मुलाचं विचारलं. त्या म्हणाल्या, या रक्तातल्या पेशी, यांतलं पुढच्या पिढीत जात नाही.

शेवटी 142 माझे नाहीत असं ठरलं आणि मी कामावर रुजू झालो. बॅज आता शर्टाच्या खिशाला, जॅकेटच्या आत. रजिस्टर शॉट संपला की लगेच भरतो.

पहिल्याच रात्री हेल्पर म्हणाला, "दादा, त्या रात्री मीपण तिथंच होतो ना? माझं रक्त का नाही घेतलं?"

त्याला बॅजच नव्हता. बॅज नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून पत्र नाही. हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? आरएसओंच्या मागं लागून त्याचं नाव बॅजच्या यादीत घालायला लावलं. बॅज येईपर्यंत त्याला डार्करूममध्ये फिल्म धुवायला बसवलंय. साइटचा भत्ता बुडतोय म्हणून तो माझ्यावरच चिडलाय.