पताका मे महिन्यात कापायच्या : आमची वाटचाल

आम्ही हाताने सजावटीच्या वस्तू करतो, पण कागद, कापड आणि फेल्ट यांच्यापलीकडे जात नाही. रेझिन नाही, मेणबत्त्या नाहीत, लाकूडकामही नाही. पणजीच्या प्रदर्शनात दर वेळी कोणीतरी विचारतंच, "शंखशिंपल्यांचं काही नाही का? गोवा ना हा?" मी सांगते, आम्ही फोंड्याकडचे, आमच्याकडे देवळं जास्त, समुद्र कमी. आमच्या गावातल्या बायकांच्या हातांना सवय आहे ती फाती, म्हणजे फुलांच्या वेण्या, गुंफायची, तोरणं बांधायची आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवरची माटोळी सजवायची. आमचा धंदा याच सवयीवर चालतो, पण हे कळायला सुरुवातीची काही वर्षं गेली.

2014 साली घराच्या वसरीवर एक शिलाई मशीन आणि एक टेबल टाकून सुरुवात केली. तेव्हा ऑर्डरी असायच्या बारशाच्या नि वाढदिवसाच्या. बाळाचं नाव फेल्टच्या अक्षरांत, पाळण्यावर टांगायचे ढग-चांदण्या, कागदी फुलांचे हार. फेल्टची घुबडं नि कोल्हे त्या काळी सगळीकडे खपत, आमच्याकडेही खपले. मग तेच प्राणी मशीनवर कापलेले, आमच्या निम्म्या किमतीत बाजारात यायला लागले. त्या भावाशी हाताने टाके घालणारा माणूस कसा पुरा पडणार?

वळण आलं ते अबोलीने. आखाताला परत निघालेल्या एका वहिनींनी विचारलं, न सुकणारी फाती करून मिळेल का? सोपं वाटलं होतं. अबोलीचं फूल गोल नसतं, पाकळ्या सगळ्या एका बाजूला पंख्यासारख्या उघडतात, आणि गोल कापलं की ते कुठल्याही फुलासारखं दिसतं. रंगाचंही तेच. बाजारात तयार मिळणारा केशरी फेल्ट भडक, पीच फेल्ट फिका. शेवटी आम्ही पांढरं मलमल अबोलीच्या छटेत रंगवून घेतलं, बक्रम लावून कडक केलं आणि पाकळ्या कापडाच्या, देठ फेल्टचे असं जमवलं. ही फाती आजही आमच्याकडची सर्वांत जास्त खपणारी वस्तू आहे. पर्यटक घेतात, पण जास्त घेतात त्या परगावी दिलेल्या लेकी.

फेल्टविषयी थोडं सांगते, कारण नव्या मुली शिकायला आल्या की इथूनच सुरुवात करावी लागते. फेल्ट विणलेला नसतो. तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून तो तयार होतो, म्हणून कुठेही कापला तरी कडेचे दोरे सुटत नाहीत आणि कड दुमडावी लागत नाही. काजटाका आम्ही घालतो तो दोन तुकडे जोडायला आणि शोभेला. आम्ही वापरतो तो ॲक्रिलिक फेल्ट. लोकरीचा फेल्ट दिसायला फार सुंदर, पण महाग, आणि कसरीला आवडता. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, मात्र गरम इस्त्री टेकली की तो वितळतो. इस्त्री मंद ठेवायची आणि वर सुती फडकं घालायचं, हे टेबलापाशी भिंतीवर लिहूनच ठेवलंय.

मग आली कापडी माटोळी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि परसातली फळं, फुलं, पानं बांधतात, ती माटोळी. नारळाची पेंड नि सुपारीचा शिपटा (म्हणजे घड), तोरिंग, चिबूड, आंबाडे, लालभडक कवंडळ, घागऱ्यो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये किंवा दुबईत हे कुठून आणणार? म्हणून आम्ही हातभर रुंदीची चौकट करून त्यावर फेल्टची फळं बांधायला घेतली. सुपारी करायची तर गोल तुकड्याच्या कडेने धावदोरा घालायचा, मध्ये थोडा कापूस ठेवायचा, दोरा ओढून तोंड बंद करायचं, आणि देठाकडे तपकिरी टोपी शिवायची. अशा सुपाऱ्या काथ्याच्या दोरीला लगडल्या की शिपटा होतो. घागऱ्योच्या शेंगा वाळल्यावर खुळखुळतात, म्हणून आमच्या शेंगांत एकेक छोटं घुंगरू घातलेलं असतं. मुलं आधी तिथेच हात घालतात.

शेजारच्या काकींनी पहिली माटोळी बघून सरळ सांगितलं, "बाय, हें खेळणें, माटोळी न्हय." मला त्यांचं पटलं, आणि आजही पटतं. देवापुढचं फळ हे त्या वर्षीच्या मातीतलं असायला हवं. शिवाय चवथीच्या तोंडावर म्हापशाच्या नि फोंड्याच्या बाजारात रानातलं सामान घेऊन बसणाऱ्या बायकांचं वर्षातलं मोठं उत्पन्न ते. त्यामुळे गोव्यातल्या गिऱ्हाइकाला आम्ही कापडी माटोळी देवासाठी विकत नाही. भिंतीवर लावायला, मुलांना फळांची नावं शिकवायला घ्या म्हणतो. एका शाळेने तशीच नेली, वर्गात टांगायला. थोडा धंदा जातो, जाऊ दे.

आता पावसाचं. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, नि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. कागदाचं काम करणाऱ्याला हे चार महिने नकोसे. कागदाला हवेतलं पाणी लागलं की तो तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो, त्यामुळे सरळ कापलेलं कार्ड सकाळपर्यंत वळलेलं असतं. पाण्यात विरघळणारा गोंद सुकत नाही. खळ करून ठेवली तर दोन दिवसांत वास सुटतो. पूर्वी बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालायचे, पण ते विषारी, मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूला आम्ही लावत नाही.

आणि नेमकी याच दिवसांत चवथ! म्हणून चवथीच्या कागदी पताका, झालरी आणि मखराचे भाग आम्ही मे महिन्यात कापून, घड्या घालून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यांत बंद करतो. घड्या घालण्याआधी कागदाची दिशा बघायची. चौकोनी तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवायचा, ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो ती तंतूंची दिशा. घडी त्या दिशेलाच घालायची, नाहीतर कडेला कागद फुटतो आणि पांढरी रेघ दिसते. पावसात फक्त शिवण चालतं. दिवाडी बेटावरच्या बोंदेरांसाठी, म्हणजे ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी झेंड्यांचा उत्सव असतो त्यासाठी, कुणी झेंडे मागितले की ते कापडाचेच देतो.

मखराला मागणी आली ती 1 जुलै 2022 नंतर. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर देशभर बंदी आली आणि तिच्यात सजावटीचा थर्माकोल आणि प्लास्टिकचे झेंडेही होते. आम्ही घडीचं मखर करतो. जाड कार्डशीटच्या तीन फळ्या, मागे कापडाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या, त्या मिटल्या की कपाटात राहतात. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येणार नाही म्हणून नवऱ्याने आधी कपाळावर हात मारला होता. गिऱ्हाईक येतं, पण नव्या झालरीसाठी.

2020 चं सगळ्यांचं झालं तेच आमचं झालं. मास्क शिवले, दिवस ढकलले.

पैशाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. पणजीतल्या एका दुकानात आम्ही माल ठेवायचो, विकला की पैसे या बोलीवर. माल विकला जायचा. पैशाला विचारलं की मालक नसायचे, मालक असले की हिशेबाची वही नसायची. उरलेला माल परत आला तो उन्हाने रंग उडालेला, कारण शोकेस पश्चिमेला होती. तेव्हापासून नियम एकच, माल घेताना निम्मे रोख, मग ते कितीही मोठं दुकान असो. काही दुकानं गेली, राहिली ती चोख देतात. नव्याने सुरू करणाऱ्या बायकांना माझं सांगणं, या बाबतीत भीड बाळगू नका.

किंमत ठरवताना आम्ही हाताचा वेळ आधी धरतो, मग सामान. "हे तर मी घरी करीन" म्हणणाऱ्याला मी मनापासून म्हणते, करा, आणि हवी तर नमुन्याची कात्रणं देते. काही जणी खरंच करतात. काही जणी अर्धी अबोली घेऊन परत येतात. आमच्याकडे काम करणाऱ्या बहुतेक जणी मुलांना शाळेत सोडून येतात आणि नगाप्रमाणे पैसे घेतात. माटोळीला मात्र रोजंदारीच लावली आहे, कारण नगावर दिलं की सुपाऱ्या घाईघाईने होतात आणि शिपटा विरळ दिसतो.

दिवाळीला आकाशकंदील असतात. चतुर्दशीच्या आधी गावातली पोरं नरकासुराच्या पुतळ्याच्या तोंडासाठी आमच्याकडची कागदाची रद्दी पोत्याने घेऊन जातात, आमची वसरी तेवढीच मोकळी होते. दिवाळी आटपली की त्याच सांगाड्यांवर नाताळची नक्षत्रं चढतात. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतून गोठ्याच्या ऑर्डरी येतात, फेल्टचं गाढव, गाय, मेंढरं, बाळ येशू. गाढवाचे कान कधीच मनासारखे उभे राहत नव्हते. आतून बक्रमची पट्टी घातल्यापासून राहतात.

या वर्षी माटोळीच्या ऑर्डरी जुलैअखेरपर्यंतच घेणार आहोत, कारण त्यानंतर हात अपुरे पडतात. परदेशी पाठवायची असेल तर फळं सुटी पाठवतो, कुठलं कुठे बांधायचं त्याचं चित्र डब्यात असतं. चित्र बघूनही नाही जमलं तर संध्याकाळी सहानंतर फोन करा. दिवसा मशीन चालू असते, रिंग ऐकू येत नाही.